जुनेर

गेल्या महिन्यात आमच्या नातीने तिच्या एका जुन्या टी-शर्टचा डोक्याला लावायचा वेणीसारखा पट्टा केला. तिची पिढी त्याला हेडबँड म्हणते. मी शेजारी बसून पाहत होते, आणि पाहता पाहता डोक्यात जे काय सुरू झालं ते आज इथे लिहितेय. लेख लांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पस्तीस मिनिटांच्या तासाची सवयही सुटली, पण विषयाला फाटे फोडायची सवय काही सुटत नाही.

आधी कृती सांगते, कारण ती खरोखर सुबक आहे. टी-शर्टच्या काखेखालचा सरळ भाग घ्यायचा. वरच्या बाह्या, गळा आणि खालची शिवण बाजूला. मग त्या भागाच्या आडव्या, दोन-अडीच बोटं रुंदीच्या पट्ट्या कात्रीने कापायच्या. एक पट्टी दोन्ही टोकांना धरून जरा जोरात ओढली की गंमत होते. तिच्या दोन्ही कडा आपोआप आत वळतात आणि सपाट पट्टीची गोल दोरी होते. अशा तीन दोऱ्यांची टोकं एकत्र शिवायची, ते टोक टाचणीने उशीला अडकवायचं आणि वेणी घालायला घ्यायची. टी-शर्टचा घेर चाळीसएक इंच असतो. पेड घालताना लांबी आक्रसते, तरी डोक्याच्या घेराला पुरून उरते. घेरापेक्षा दोनेक इंच कमीच ठेवायचं, कारण हे कापड ताणतं. शेवटी दोन्ही टोकं एकावर एक ठेवून शिवायची आणि जोड दिसू नये म्हणून त्यावर उरलेला तुकडा गुंडाळून चार टाके घालायचे. झालं. अर्ध्या तासाचं काम. ज्यांना तीन पेड फार सोपे वाटतात त्या पाच पेडांची घालतात.

टी-शर्ट कुठल्याशा धावण्याच्या शर्यतीत फुकट मिळालेला होता. पाठीवर प्रायोजकांची यादी. ‘फुकट’ हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

नातीने कात्री घेतली तेव्हाच मला पहिली गोष्ट जाणवली. आमच्या घरी जुन्या कापडाला कात्री क्वचित लागायची. आई लुगड्याच्या काठाशी दाताने एक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायची. आवाज झाला की आम्ही भावंडं जमा व्हायचो, कारण आता त्याचं काहीतरी होणार. फाटायचं तेही धाग्याच्या रेषेत, पट्टीने आखावं तसं सरळ. टी-शर्ट असा फाटत नाही. ओढा, ताणा, तो लांबतो, पण सरळ रेषेत चिरत नाही.

माझं बालपण इचलकरंजीत गेलं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि नंतर साऱ्या गावाने तोच धंदा धरला. वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला होते. तेव्हा ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, धोटा इकडून तिकडे पळतो आणि आडवा धागा उभ्यांच्या वर-खाली जातो, हे मला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक होतं. मागावरच्या कापडात असे सरळ धागे असतात म्हणून ते सरळ फाटतं. आणि म्हणूनच त्याची कापलेली कड सुटते, धागे लोंबू लागतात. कापडाच्या टोकाला लोंबणाऱ्या त्या धाग्यांना दशा म्हणतात. मुलांना सांगितलं की हमखास हसायची.

टी-शर्टचं कापड मागावरचं नव्हेच. ते सुयांवरचं, स्वेटरसारखं. एकाच धाग्याचे फासे, फाशात फासा. मराठीत आपण दोन्हींना ‘विणणं’च म्हणतो, माग विणतो आणि आजीही स्वेटर विणते, त्यामुळे या दोन कापडांची जात किती वेगळी आहे ते चटकन लक्षात येत नाही. सुयांवरच्या कापडात दर फासा एका बाजूने मोकळं व्हायला पाहत असतो. कड शिवलेली असते तोवर त्याचं काही चालत नाही. कड कापली की सारे फासे एकदम वळतात, म्हणून पट्टीची दोरी होते. नातीच्या पट्ट्याचं सगळं रहस्य एवढंच आहे. मागावरच्या कापडाची अशी वेणी घातली असती तर प्रत्येक पट्टीची कड आधी मुडपून शिवावी लागली असती, नाहीतर आठवड्यात दशाच दशा.

या सुयांवरच्या यंत्राचा इतिहास चांगला चारशे वर्षांचा आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरच्या विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणायचं यंत्र केलं. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला मक्तेदारीची सनद नाकारली. हाताने मोजे विणणाऱ्या गरिबांची पोटं बुडतील म्हणून नाकारली, असं सांगतात. तो पुढे फ्रान्सला गेला. इंग्लिश खाडीत फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जर्सी आणि गर्न्सी नावाची दोन बेटं आहेत. तिथल्या बायका कोळ्यांसाठी, खलाशांसाठी लोकरीचे अंगाबरोबर बसणारे सदरे विणत. त्या बेटाच्या नावावरून त्या विणीला जर्सी म्हणू लागले, आणि टी-शर्टच्या कापडाचं व्यापारातलं नाव आजही तेच आहे. (आपल्या गोठ्यातली जर्सी गायही त्याच बेटावरची.) आणि शेजारच्या गर्न्सीचं काय झालं? त्या बेटाच्या सदऱ्याचं इंग्रजी नाव खलाशी आणि सोजिरांबरोबर हिंदुस्थानात आलं आणि आपल्या जिभेवर घासून घासून त्याची ‘गंजी’ झाली. बंगाली माणूस गेंजी म्हणतो. आमचे आजोबा गंजीफ्रॉक म्हणत. तेव्हा नातीचा टी-शर्ट आणि आजोबांचा गंजीफ्रॉक ही दोन शेजारच्या बेटांची लेकरं. उलट ‘बनियन’ हा शब्द आपल्याकडून गेलेला, बनिया म्हणजे गुजराती व्यापाऱ्यांवरून.

टी-शर्टही मुळात आतच घालायचा. अमेरिकी नौदलाने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तो खलाशांना गणवेशाखाली दिला. १९५१ साली मार्लन ब्रँडो एका सिनेमात नुसत्या टी-शर्टवर वावरला आणि आतलं कापड उजळ माथ्याने बाहेर आलं. आमच्याकडे बाहेर यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. तमिळनाडूतलं तिरुप्पूर आधी बनियनचं गाव होतं, १९८०च्या दशकात ते जगाला टी-शर्ट पुरवू लागलं. त्याच दशकाच्या सुरुवातीला, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मागावरच्या कापडाचं आपलं मोठं घर हळूहळू उठलं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत घराघरातल्या दोरीवरचं कापड बदललं, एवढं खरं.

आणि कापड बदललं की जुनेर बदलतं. जुनेर हा शब्द आताच्या मुलांना सांगावा लागतो. वापरून वापरून विरलेलं, मऊ झालेलं कापड ते जुनेर. चिंधी ही त्याच्या पुढची पायरी, लक्तर आणखी पुढची. गीतेत आत्मा जुनं शरीर टाकून नवं घेतो त्याला वस्त्राचा दृष्टांत दिलाय. तो शिकवताना मला दर वर्षी वाटायचं, टाकलेल्या वस्त्राचं पुढे काय होतं हे गीता सांगत नाही. ते आईला विचारावं लागे.

आई सांगायची ते असं. नऊवारी लुगडं बसायच्या जागी आधी विरतं. मग तेवढा भाग काढून दोन धड तुकडे जोडायचे, त्या जोडाला दंड म्हणायचं. (शिक्षा या अर्थाचा दंड तो वेगळा, पण चारचौघीत दंडाचं लुगडं नेसून जाणाऱ्या बाईला दोन्ही एकच वाटत असतील.) दंडाचं लुगडं घरात नेसायचं. तेही विरलं की त्यातला धड भाग पोरींच्या परकराला, बाळाच्या झबल्याला. नवं कापड तान्ह्या बाळाला टोचतं, म्हणून जन्मल्यावर त्याला जुनेरातच गुंडाळायचं. त्यात गरीब-श्रीमंत भेद नव्हता. राहिलेलं गोधडीत. गोधडीच्याही लायक नसेल ते पोतेरं, भांडी पुसायचं फडकं, डोक्यावरच्या घागरीखाली ठेवायची चुंबळ. चिंधी तेलात भिजवून पीळ दिला की काकडा, देवळात पहाटे तो पेटवून ओवाळतात म्हणून ती काकड आरती. म्हणजे पायपुसण्यापासून विठोबाच्या मुखदर्शनापर्यंत चिंधीला कुठेही मज्जाव नव्हता. गाडगेबाबांना तर लोक चिंधेबुवा, गोधडेबुवाच म्हणत. १९५६ साली ते गेले तेव्हा मी लहान होते, पण आईने त्यांना पाहिलं होतं, आणि त्यांच्या अंगावरच्या ठिगळांचे टाके कसे घातले होते याचं ती वर्णन करायची. इतरांना कीर्तन आठवायचं, हिला टाके.

पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. तिथले कागदी जुने दोर, गोणपाट, चिंध्या कुटून कागद करत. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरला, त्याआधी युरोपातसुद्धा कागद चिंध्यांचाच होता. शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून कागद करायचं काम पुढे चालू ठेवलं. फाटलेल्या धोतरावर कोणीतरी पुढे पोथी लिहिली असेल, हा विचार मला फार आवडतो.

एक उपयोग असाही होता की ज्याचं नाव घरात कोणी मोठ्याने घेत नसे. बायकांच्या महिन्याच्या चार दिवसांसाठी जुन्या लुगड्याच्या घड्याच असत. त्या धुवून कुठेतरी अंधारात, दुसऱ्या कापडाखाली वाळवायच्या. ऊन लागलं पाहिजे हे माहीत असायचं, पण ऊन म्हणजे लोकांची नजर. ज्या घरात जुनेरसुद्धा शिल्लक नसे तिथल्या बायका काय करत, हे लिहायला मला जड जातं. शाळेत वरच्या वर्गातल्या मुली महिन्यातले तीन-चार दिवस का येत नाहीत हे हजेरीपटावर दिसत असे, रकाना मात्र ‘आजारी’चाच होता. दिल्लीच्या अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ या संस्थेने हे उघडपणे बोलायला सुरुवात केली, आणि शहरातलं जुनं सुती कापड स्वच्छ करून त्याच्या घड्या खेड्यात पोचवल्या. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुन्या कापडाच्या कामाला एवढा मान मिळाल्याचं वाचून मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

तर आता १९४३ साल. या एका सालाजवळ मला मुद्दाम थांबायचंय, कारण डोक्याच्या पट्ट्याची गोष्ट आणि माझ्या आईची गोष्ट तिथे एकमेकींना ओझरती भेटतात.

महायुद्ध चालू होतं. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांना कुपनं लागू झाली होती. १९४३ साली तिथल्या सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करून वापरा, असा त्याचा भावार्थ. जुन्या कपड्यांचं काय काय करता येतं याचे धडे सरकार बायकांना देत होतं. अमेरिकेत कारखान्यांत बायका यंत्रांवर उभ्या होत्या आणि मोकळे केस यंत्रात अडकण्याची भीती होती. व्हेरोनिका लेक नावाची एक नटी होती, एका डोळ्यावर केसांची बट सोडण्याबद्दल प्रसिद्ध. सरकारी आग्रहावरून तिने १९४३ साली ती केशरचना बदलली, म्हणजे तिचं अनुकरण करणाऱ्या कामगार मुली बदलतील. त्याच साली जे. हॉवर्ड मिलर याने वेस्टिंगहाउस कंपनीसाठी एक भित्तिपत्रक केलं. बाही सारून दंड दाखवणारी बाई, डोक्याला लाल रुमाल, त्यावर पांढरे ठिपके. तुम्ही ते चित्र नक्की पाहिलं असेल, आता ते कपांवर असतं आणि टी-शर्टांवरही. पण त्या काळी ते कंपनीच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं आणि उतरलं. १९८०च्या दशकात लोकांना ते पुन्हा सापडलं आणि मग ते साऱ्या युद्धकाळाचं चित्र होऊन बसलं. इतिहासात असं पुष्कळदा होतं. आजच्या मुली डोक्याला पट्टा बांधतात त्यात त्या चित्राची थोडीफार सावली आहे. बाईने डोक्याला बांधलेलं फडकं हे कष्टाचं लक्षण होतं, ते रुबाबाचं झालं.

आणि त्याच साली, जून १९४३ मध्ये, हिंदुस्थान सरकारने सुती कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. गिरण्यांचं पुष्कळ कापड लष्कराकडे जात होतं, बाजारातल्या किमती भडकल्या होत्या, साठेबाजी सुरू होती. आता कापडावर किंमत छापणं बंधनकारक झालं. पुढे कापड रेशनवर आलं. आमच्या घरातली जुनी माणसं त्या सगळ्या काळाला एकाच शब्दात आटपत, ‘कंट्रोलात’. कंट्रोलात लग्न झालं, कंट्रोलात थोरला झाला. बंगालमध्ये १९४३ला अन्नाचा दुष्काळ पडला आणि त्यामागून कापडाचा. बायकांना घराबाहेर पडायला वस्त्र उरलं नाही. माणिक बंद्योपाध्याय यांनी त्यावर कथा लिहिली, तिचं नाव ‘दुःशासनीय’. एवढ्या एका शब्दात त्यांनी सगळं सांगून टाकलं. आपल्याकडे द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला भरजरी वस्त्राची चिंधी फाडून बांधली ही लोककथा लाडकी. पण ज्यांच्याजवळ फाडायलाच काही नाही त्यांच्या हाकेला कोण धावून येणार?

आईचं लग्न १९४५चं. अंगावर दोन लुगडी, त्यातलं एक तिच्या मामीचं मागून आणलेलं, मांडव उतरल्यावर परत केलेलं. दिवसभर मागांची खडखड ऐकू येणाऱ्या गावात ती नांदायला आली, आणि पहिली तीन वर्षं तिने दंडाचीच लुगडी नेसली. सुतालाही कंट्रोल होता, माग पुष्कळदा उभे असत, आणि चालू असले तरी विणणाऱ्याच्या घरात त्या कापडाची वीतही येत नसे. रेशनच्या कापडाच्या रांगेत ती पोटुशी असताना पहाटेपासून उभी राहिलेली आहे. जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठलं. लोकांना वाटलं सुटलो. किमती अशा उसळल्या की त्याच वर्षी ते पुन्हा लावावं लागलं.

म्हणून ‘आपल्या आज्या किती पर्यावरणपूरक होत्या’ असं कोणी कौतुकाने लिहिलं की मी जरा आवंढा गिळते. कौतुक खरं असतं, हेतूही चांगला असतो. पण आई काटकसर करत नव्हती. काटकसर करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. चिंधी जपणं हे तिचं तत्त्व नव्हतं, तिचा धाक होता. म्हातारपणी घरात भरपूर साड्या आल्यावरसुद्धा ती बाजारातून आलेल्या पुड्यांचा दोरा बोटांभोवती गुंडाळून ठेवायची, आणि आमच्यापैकी कोणी तो फेकला की तिचा चेहरा पाहवत नसे.

हेही सांगायला हवं की तिचं सारं ज्ञान मागावरच्या कापडाचं होतं. ते टी-शर्टला लागू पडत नाही. आमच्या गल्लीत दोघी जणी गोधड्या शिवून देतात, साड्या घेतात, धोतरं घेतात, टी-शर्ट घ्यायला खळखळ करतात. धावदोरा घालताना ते कापड सुईखाली ताणतं, थर सरकतात आणि गोधडीला फुगे येतात. स्टीलची भांडी देऊन कपडे नेणारी बोहारीण अजून अधूनमधून येते. तिचंही तेच. साडी उजेडात धरून पाहील, जीन्सची शिवण ओढून पाहील, टी-शर्टचा ढीग पायाने बाजूला सारील. जुन्या पायऱ्यांच्या जिन्यावर टी-शर्टला पायरीच नाही. फार तर फरशी पुसायला, गाडी पुसायला. पाणी मात्र तो चांगलं पितो.

मग बाकीचे जातात कुठे? थोडे कारखान्यांत यंत्र पुसायला. पुष्कळसे पानिपतला. हो, तेच. मराठी माणूस ते नाव ऐकलं की १७६१ सालात जाऊन बसतो, पण आजचं पानिपत हे जगभरच्या जुन्या कपड्यांचं गाव आहे. परदेशातले टाकून दिलेले स्वेटर, गंज्या गठ्ठ्यांनी येतात. बायका जमिनीवर बसून त्यांची बटणं, चेन, लेबलं कापतात, रंगांनुसार ढीग लावतात. मग यंत्र ते कपडे पिंजून त्यांचा पुन्हा तंतू करतं, तंतूचं सूत आणि सुताची घोंगडी. भूकंपात, पुरात वाटतात ती स्वस्त ब्लँकेटं बरीचशी तिथली. ही युक्ती यॉर्कशायरमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने १८१३ साली लोकरीसाठी काढली. पिंजलेला तंतू आखूड होतो, त्यामुळे कापड टिकत नाही. हवेत उडणारं तूस कामगारांच्या छातीत जातं ते वेगळंच. रंगांच्या त्या ढिगांची छायाचित्रं फार सुंदर असतात, म्हणून हे सांगितलं.

एका सुती टी-शर्टच्या कापसापासून कापडापर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. आकडा जरा इकडेतिकडे असेल. तो कापूस विदर्भातल्या कोरडवाहू रानातला असेल तर ते पाणी पावसाचं, आणि पाऊस नाही आला तर काय होतं हे आपल्याला वर्तमानपत्रं वाचून ठाऊक आहे. एवढं सगळं ओतून तयार झालेली वस्तू शर्यत संपल्यावर एकेकाच्या हातात फुकट ठेवतात, ज्यांच्या घरी आधीच वीस आहेत त्यांच्याही. एका पट्ट्याला त्यातलं वीतभर कापड लागतं. बाकीचं कपाटातच. तेव्हा हेडबँड करून पृथ्वी वाचते असं मला काही वाटत नाही आणि नातीलाही वाटत नाही. ती म्हणाली, आजी, मला रंग आवडला म्हणून केला. हे उत्तर मला पटलं. आईने आयुष्यात कापडाचा एकही तुकडा नुसता नटायला म्हणून फाडला नाही. वेणीला लाल फीत मिळावी म्हणून माझ्या थोरल्या बहिणीने दोन दिवस धरलेला हट्ट आणि तिला मिळालेली, लुगड्याचा काठ उसवून केलेली हिरवी आगवळ आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं बोलली जात होती. नातीने रंग आवडला म्हणून कापड कापलं याचा मला आनंदच झाला. वाईट वाटतं ते त्या फुकटपणाचं.

तिला मी नंतर चुंबळ करून दाखवली, त्याच टी-शर्टच्या उरलेल्या पट्ट्यांची. सुरेख झाली. ताणणारं कापड पिळलं की घट्ट बसतं, सुती जुनेरापेक्षा जास्त. घागर नव्हती म्हणून कुकर ठेवून पाहिला.

आईच्या हातची एक गोधडी माझ्याकडे आहे. वरचं कापड मी दोनदा बदललं, आतलं तिचंच. मध्यंतरी एका कोपऱ्याचा दोरा कुजला म्हणून तेवढा भाग उसवला तर सहा थर निघाले. वर वडिलांचं धोतर, मग दोन लुगड्यांचे तुकडे, त्यांतल्या एकाला दंडाची शिवण तशीच. मग कोणाचं तरी फुलाफुलांचं झबलं, आम्हा पाचांपैकी कोणाचं ते सांगायला आता कोणी नाही. सर्वांत आत मांजरपाटाचा एक तुकडा, जाडाभरडा, रेशनच्या दुकानातला. त्याच्या टोकाला गिरणीचा शिक्का आहे, जांभळट पडलेला. किंमत छापण्याचा नियम होता त्या दिवसांतला. खिडकीशी नेऊन भिंग लावून पाहिलं. ‘आणे’ एवढं वाचता येतं. किती ते धुतलं गेलंय.